बारा दुमडी

"त्या शहराचं नाव मास्तरांपुढे कधी काढू नकोस हो." या घरात येऊन मला आठवडाही झाला नव्हता, तेव्हा आईंनी बजावलं होतं. "जेवत असले तर ताटावरून उठतील. काम करत असले तर दाभण खाली ठेवतील. आणि दाभण खाली ठेवून बसलेले मास्तर तुला बघवायचे नाहीत."

मास्तर म्हणजे माझे सासरे. मी मान डोलावली आणि सोडून दिलं. चोवीस वर्षांची होते. रसायनशास्त्राची पदवी ताजी होती. सासूने सांगितलेल्या पथ्यांना 'असतं एकेकाचं' म्हणून बाजूला सारायची माझी रीतच होती.

मुलगी झाली आणि मी पार बदलले. आमचं घर कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली तंबू, छतं, ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या शिवतात. जिना उतरलं की जिकडेतिकडे टोकदार वस्तू. रोज संध्याकाळी मी दाभण मोजते. सतराच्या सतरा लोहचुंबकाच्या पट्टीवर चिकटले, की मगच चिमणीला खाली सोडते. यावरून घरात माझी थट्टा होते. होऊ दे. पण इतकं डोळ्यांत तेल घालून वावरणाऱ्या मीच तो इशारा धाब्यावर बसवावा, म्हणजे कमाल झाली.

झालं असं. एका दुपारी चिमणी मांडीवर झोपली होती. हात मोकळे नव्हते, एक अंगठा तेवढा मोकळा होता. त्या अंगठ्याने मी फोनवर त्याच शहराचं नाव टाकलं. वाळवंटातलं, किल्ल्याच्या आत वसलेलं ते जुनं शहर. तिथल्या राजवाड्यात आता संग्रहालय आहे, त्याचं पान उघडलं. आतल्या चौकावर ताणलेलं एक प्रचंड पांढरं छत दिसलं. बारा कळ्यांचं, म्हणजे पाकळ्यांसारख्या पट्ट्यांचं, मधोमध उमलल्यासारखं. खाली लिहिलं होतं, 'चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचे काम. कारागीर माहीत नाही.' शेजारी छताच्या एका कोपऱ्याचा जवळून काढलेला फोटो. मी तो मोठा केला, आणखी मोठा केला. काठावर लाल दोऱ्याचे तीन आडवे टाके होते.

आमच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात ते तीन टाके असतात. बाजारची पिशवी असो की सर्कशीचा तंबू. आमची सही म्हणा.

मग कसलं पथ्य आणि कसलं काय. मी तिथल्या तिथे संग्रहालयाला लिहिलं: कारागीर माहीत नाही असं कसं म्हणता? ते माझे सासरे आहेत, आणि आत्ता खाली बसून ताडपत्रीला रिंगा ठोकताहेत. आवाज येतोय मला.

नवव्या दिवशी उत्तर आलं. दोन माणसांना आमंत्रण होतं.

*

मास्तर रविवारी सकाळी केस कापायला जातात. दाढी, चंपी, गप्पा धरून पक्का दीड तास. तो दीड तास गाठून आम्ही सगळे कटाईच्या फरशीवर जमलो. या फरशीवर कापड अंथरतात, म्हणून इथे खुर्ची नाही, टेबल नाही. सगळे मांडी घालून बसतात, आणि भांडणंही मांडी घालूनच होतात.

दादा, माझे थोरले दीर, खडूने फरशीवर गाडीचा मार्ग आखत होते. लग्न केलं नाही, कारखान्याशीच संसार मांडलेला माणूस. "ही इथून सकाळची गाडी. ही तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी. दोन दिवस तिथे. परत. दोघांच्या येण्याजाण्याची आणि राहण्याची सोय ते करणार. मास्तर आणि मी. ठरलं."

"तू का?" ताईंनी विचारलं. माझ्या नणंद इस्पितळात मुख्य परिचारिका आहेत. त्यांचा साधा प्रश्नही इंजेक्शनसारखा टोचतो.

"मग कोण? थोरला मी. कारखाना मी चालवतो. आणि मी ते शहर कधी पाहिलेलं नाही."

"मी तरी कुठे पाहिलंय? मी चंद्रही पाहिला नाही जवळून. आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला तू दिवसरात्र गाडीत कोंबून नेणार? त्यांचा रक्तदाब कोण बघणार, तू? तुला कापडाचा ताण कळतो, माणसाचा नाही."

"दादा बरोबर बोलतोय," माझा नवरा म्हणाला. मग ताईंकडे बघून म्हणाला, "ताईचंही बरोबर आहे." घरात याला होयबा म्हणतात. चिमणीसुद्धा म्हणते.

"तू यादी कर," दादा त्याला म्हणाले.

होयबा यादी करू लागला. "पाण्याच्या बाटल्या चोवीस. टॉवेल आठ. बॅटऱ्या तीन."

"दोन दिवसांना?" मी विचारलं.

"वीतभर जास्त," तिघंही एका सुरात म्हणाले, आणि हसले.

ही वीत म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कोरं कॅनव्हास पहिल्या पावसापाण्यात भिजलं की आटतं. म्हणून छत कापताना दर बारा हातांमागे एक वीत कापड जास्त सोडायचं, हा या घराण्याचा नियम. मास्तरांच्या वडिलांचा, त्यांच्याही वडिलांचा. या नियमामुळे आमचं छत कधी तोकडं पडलं नाही, फाटलं नाही. मग ती वीत कापडातून उतरून घरात शिरली. चार माणसं जेवायला असली तर पाचांचं रांधायचं. गाडी नऊची असली तर आठला फलाटावर उभं राहायचं. कुणी दार वाजवण्याआधी उघडायचं. मी काळजी करणारी, मला ही वीत फार आवडली होती. या घरात माझ्या स्वभावाला मापच मिळालं म्हणा ना.

आई खिडकीखाली बसून एका पिशवीला बंद लावत होत्या. सदुसष्ट वर्षांच्या बाईचा हात, सकाळच्या वेळी सांधे सुजलेले, तरी दाभण आतबाहेर एका लयीत चाललेला.

"आई, तू बोल ना काहीतरी," ताई म्हणाल्या.

"तुमचं ठरू दे. मी काय सांगणार?"

"मास्तरांना कसं सांगायचं ते तरी सांग."

आईंनी दोरा दाताने तोडला. "ते मला जमलं असतं, तर चव्वेचाळीस वर्षांत सांगितलं नसतं?"

हे वाक्य तेव्हा आमच्या कुणाच्याच कानात शिरलं नाही. दादा खडू घेऊन उभे राहिले होते. फरशीच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी एक मोठा गोल काढला आणि छाती फुगवून त्या शहराचं नाव खणखणीत उच्चारलं. "इथे, या राजवाड्यात, आपल्या मास्तरांचं छत आहे! आणि लोक तिकीट काढून ते बघतात!"

"न्हावी गावाला गेलाय," दारातून आवाज आला.

मास्तर उभे होते. केस तसेच वाढलेले. नजर खडूच्या गोलावर.

"कोण चाललंय तिथे?"

*

होयबाने यादी उलटी ठेवली. मी चिमणीला उचलून घेतलं. तिला धोका नव्हता, मलाच हातात काहीतरी धरायला हवं होतं.

"मी लिहिलं होतं तिथे," मी म्हटलं. "फोटोत लाल टाके दिसले. कारागीर माहीत नाही असं छापलं होतं, ते मला सहन झालं नाही. चुकलं असेल तर माझं चुकलं. यांचं नाही."

मला वाटलं, आता आवाज चढेल. मास्तर चपला काढून फरशीवर आले, आपल्या रोजच्या जागी बसले आणि म्हणाले, "काय म्हणतात? वाच."

मी वाचलं. संग्रहालयात जुनं कापड सांभाळायचं काम बघणाऱ्या बाईंचं पत्र होतं. छत पहिल्यांदाच खाली उतरवून धुतलं आहे. कापड अजून दणकट आहे. येत्या महिन्यात ते पुन्हा चढवायचं आहे आणि त्याखाली कारागिराच्या नावाची पाटी लावायची आहे. 'मात्र एक अडचण आहे. प्रत्येक कळीच्या मध्यावर जी आडवी दुमड घातलेली आहे, ती धुण्यापूर्वी उसवावी लागली. अशा बारा दुमडी आहेत. छताला उमललेल्या फुलाचा आकार त्यांच्यामुळेच येतो. आमच्या शिवणकारांना तो टाका जमत नाही. तो तुमच्याच हातून पडावा, आणि ही कल्पना आपल्याला कशी सुचली हेही ऐकायला मिळावं, ही विनंती.'

"कसल्या दुमडी?" मास्तर म्हणाले. "मी दुमड घातलेली नाही."

"घातली असेल, विसरला असाल," दादा म्हणाले.

"मी घातलेला टाका मी विसरेन?" मास्तरांनी माझ्याकडे हात केला. "फोटो दाखव."

फोन त्यांनी लांब धरला, मग जवळ, मग तिरपा. चिमणी माझ्या खांद्यावर थोपटत होती, जणू तीच मला झोपवत होती.

"हे ताठ आहे," शेवटी ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "हे ताठ कसं?"

मग त्यांनी सांगितलं. आम्हा कुणाला नाही, त्या फोटोला सांगत असल्यासारखं. तीस वर्षांचे होते. घराण्याला मिळालेलं सगळ्यांत मोठं काम. आठ महिने शिवत होते. शिरस्त्याप्रमाणे दर बारा हातांमागे वीत सोडली. छत चढवलं, दोर ताणले आणि हात झटकून खाली आले. वर बघतात तो छताचं पोट सुटलेलं. वीतवीत मिळून पुरुषभर झोल पडला होता. वाळवंट ते! तिथे पाऊस कुठला, ओल कुठली? कापड आटायचं कशाने? सोडलेली प्रत्येक वीत तशीच लोंबत राहिली. चौकात जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, 'छत गाभण दिसतंय.' सगळे हसले. मास्तरांनी हत्यारांची पेटी उचलली आणि दुपारची गाडी पकडली.

"आजा, पणजा, सगळ्यांचं नाव मी त्या चौकात लोंबकळत ठेवून आलो," ते म्हणाले. "आणि तुम्ही सांगताय, लोक तिकीट काढून बघतात. हे कुणी ताठ केलं?"

पिशवीचा दुसरा बंद लावून झाला होता. आईंनी गाठ मारली.

"मी."

*

"तू कधी गेलीस तिथे?"

"आई आजारी आहे म्हणून माहेरी गेले नव्हते का, पंधरा दिवस? याला घेऊन."

"तुझी आई आजारी नव्हती?"

"ठणठणीत होती. तीच म्हणाली, जा. बाबा बरोबर आले."

आईंचे वडील होड्यांची शिडं शिवायचे, हे आम्हाला माहीत होतं. वारा वाढला की शीड न कापता लहान कसं करतात, ते आई लहानपणापासून बघत आल्या होत्या. मधोमध आडवी दुमड घालायची आणि एका विशिष्ट टाक्याने ती धरायची. ताण आला की दुमड सुटत नाही, उलट घट्ट बसते.

"तिथल्या कारभाऱ्यांना म्हटलं, मास्तरांनीच पाठवलंय, उरलेलं काम पुरं करायला. छत उतरवून घेतलं. झोल मोजत, दुमडी पुन्हा पुन्हा उसवून बसवत बारा दिवस शिवलं. पुन्हा चढवलं, आणि ते असं..." आईंनी सुजलेली बोटं मिटली आणि सावकाश उघडली. "मग घरी आले. तुम्ही विचारलंत, आई कशी आहे. मी म्हटलं, बरी आहे."

"एक मिनिट," दादा म्हणाले. "याला घेऊन म्हणजे मला?"

"आठ महिन्यांचा होतास. छताच्याच एका टोकाला तुझी झोळी बांधली होती. रांगायला तिथेच लागलास तू, त्या चौकात."

ताईंना हसू आवरेना. "म्हणजे दादा, 'मी ते शहर कधी पाहिलेलं नाही' हे तुझं कारण बाद! तू जाऊन, राहून, चौकात रांगून आलायस!"

आम्ही सगळेच हसलो. मास्तर हसले नाहीत. त्यांनी कमरेला खोवलेला दाभण काढून फरशीवर ठेवला, उठले, आणि मागच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. आईंनी सांगितलं होतं ते खरं होतं. मला बघवलं नाही.

दादा लगेच मास्तरांच्या बाजूने उभे राहिले. त्यांना काय वाटत होतं ते त्यांनी मला नंतर सांगितलं: लहानपणापासून ज्या हाताकडे बघून आपण काम शिकलो, तो हात एकदा चुकला होता, हे त्यांना पचत नव्हतं. आणि आपण त्या चुकीच्या दुरुस्तीला झोळीतून साक्षी होतो, हे तर मुळीच नाही. म्हणून ते आईंवर घसरले. "सांगायचं तरी. चव्वेचाळीस वर्षं त्यांना उगाच जळू दिलंस?"

"आणि तिने एवढं केलं, ते कुणी विचारलं?" ताई उसळल्या. सकाळपासून 'मास्तरांना नेऊ नका' म्हणून भांडणाऱ्या ताई आता वेगळंच बोलू लागल्या. "आयुष्यभर मी ऐकतेय, मास्तरांचा हात, मास्तरांचा टाका. ही खिडकीखाली बसून बंद लावते. मीसुद्धा वर्षानुवर्षं हिच्यासमोर बसून चहा पिते. मला एकदा तरी सुचलं का विचारायला, की आई, तू मोठं असं काय शिवलंस?" बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला. एवढ्या वर्षांत मी ताईंना रडताना पाहिलं नव्हतं. त्या रडल्या नाहीतच, पदराने चष्मा पुसला.

"ताईचं बरोबर आहे," होयबा म्हणाला. या वेळी त्याने दादांकडे वळून दुसरं वाक्य जोडलं नाही.

मी आईंना घेऊन वर स्वयंपाकघरात आले. चहा टाकला. म्हटलं, माझ्यामुळे झालं सगळं. तुम्ही बजावलं होतं.

"बजावलं होतं खरं," त्या म्हणाल्या. "पण तू ऐकलं नाहीस ते एका परीने बरं झालं."

"तुम्ही का नाही सांगितलंत कधी?"

"सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बायकोने माझं झाकलं. आणि मी झाकलं नव्हतं गं. मी केलं होतं. झाकणं वेगळं, करणं वेगळं." कपाच्या वाफेवर त्या बोटं शेकत होत्या. "तेवीस वर्षांची होते. तिथल्या माणसांनी दोर ओढले, छत वर गेलं, आणि सगळा चौक गप्प झाला. हसणारे होते ना, तेच गप्प झाले. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. अजून डोळे मिटले की ते छत मी मनात एकदा ताणून बघते. रोज. मला काही दुःख नाही. मला माज आहे त्याचा, खरं सांगू का."

आणि त्या अशा हसल्या, की मला तेवीस वर्षांची ती मुलगी लख्ख दिसली.

*

तासाभराने मास्तर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात कोऱ्या कॅनव्हासच्या दोन पट्ट्या होत्या.

खोलीत बसून त्यांनी काय विचार केला, ते त्यांनी दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, तेही दोऱ्याला मेण लावता लावता. आधी राग आला म्हणे. मग रागाला कारण सापडेना. मग हसू आलं. ज्या छतापासून मी इतकी वर्षं पळत होतो, ते तिथे मजेत ताठ उभं होतं. पळणारा मी एकटाच होतो.

पण त्या क्षणी ते यातलं काही बोलले नाहीत. आईंना म्हणाले, "अगं, हात दाखव." आईंनी दाखवला. त्यांनी एकेक सांधा दाबून पाहिला. "बारा दुमडी, दोन दिवस. तुझ्याने किती होतील?"

"जुन्या टाक्यांच्या खुणा असतील, म्हणून सहा. फार तर सात."

"उरलेल्या कोण घालणार? हा?" त्यांनी दादांकडे बोट केलं. "हा मशीनवर बसतो. हा धाकटा लोखंडी सांगाडे करतो. मला हा टाका येत नाही. मी कधी शिकलोच नाही. तू कुणाला शिकवलायस?"

आईंनी माझ्याकडे पाहिलं.

चिमणीच्या वेळी डॉक्टरांनी जिन्याची चढउतार बंद केली होती. ते महिने मी आईंच्या शेजारी वरच्याच खिडकीखाली बसून काढले. वेळ जावा म्हणून त्या शिकवत गेल्या, काळजी विसरावी म्हणून मी शिवत गेले. तो टाका कुठला, कशाचा, मी कधी विचारलं नव्हतं.

"मला नाही जमायचं," मी म्हटलं. "राजवाड्याचं छत आहे ते. खाली माणसं उभी राहणार. एक टाका सुटला तर?"

"दोघी बसा," मास्तर म्हणाले. "हातहातभर दुमड घाला. मी पाठ फिरवून बसतो."

आम्ही बसलो. तळहातावर चामडं बांधलं, मेणाचा दोरा ओवला. ताईंनी चिमणीला कडेवर घेतलं. फरशीवर दोन दाभणांचा आवाज तेवढा येत होता, कापडातून पार होतानाचा तो टच्, टच्. थोड्या वेळाने कळेना माझा कुठला आणि आईंचा कुठला.

मास्तर वळले. डोळे मिटून त्यांनी दोन्ही पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. पन्नास वर्षं टाके तपासून त्या अंगठ्याची कातडी चामड्यासारखी झालीय. एकदा फिरवला, दोनदा फिरवला. दुमडीची दोन टोकं धरून खसकन ताणली. पुन्हा फिरवला.

"ही तिची," ते म्हणाले, आणि डावी पट्टी आईंपुढे धरली.

"ती माझी आहे," मी म्हटलं.

दादा खाली वाकले, त्यांनी पट्ट्या स्वतः पाहिल्या, उलट्या करून पाहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत पहिल्यांदाच मी धाकट्या भावाची बायको नव्हते, कारागीर होते.

"मास्तर चुकले!" होयबा ओरडला.

"चुकलो," मास्तर म्हणाले, आणि तेव्हा कुठे हसले. "आयुष्यात दोनदा चुकलो. दोन्ही वेळा एकाच छतापायी." मग फरशीवरचा दाभण उचलून त्यांनी कमरेला खोवला. "दोन जागा आहेत. एक जिने केलं तिची. दुसरी जिला येतं तिची. झालं ठरवून."

"आणि तुम्ही?" दादा म्हणाले. "तुमच्यासाठी तिसरं तिकीट काढू आपण, त्यात काय!"

"नको."

"मास्तर, तुमचं रक्तदाबाचं मी बघते, सुट्टी काढून येते," ताई म्हणाल्या.

"तुला कळत नाही. मी तिथे गेलो, की लोक कुणाला विचारतील? पुरुष दिसला की कारागीर तोच. पाटीवर काहीही लिहा, हात माझेच हातात घेतील, कल्पना कशी सुचली ते मलाच विचारतील. मी नसलो तरच हिला विचारतील." त्यांनी आईंकडे पाहिलं नाही. मला म्हणाले, "पत्राला उत्तर लिही. पाटीवर हिचं नाव घाला म्हणावं. मधे माझं नाव नको. नुसतं हिचं."

पिशवीच्या बंदाची गाठ आईंनी सोडली आणि पुन्हा मारली. ती गाठ चुकलेली नव्हती.

"आणि ती यादी इकडे आण," मास्तर होयबाला म्हणाले. "चोवीस बाटल्या कसल्या? सहा पुरे."

*

आज सकाळी आम्ही निघालो. नऊची गाडी, आठला फलाटावर. काही सवयी मोडत नाहीत. मास्तरांनी स्वतःचं हाताचं चामडं, घामाने काळं पडलेलं, आईंच्या पिशवीत घातलं. गाडी हलली तेव्हा सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं ते ओरडले, "तिथलं कापड आटत नाही हो! वीत सोडू नका!" आई खिडकीच्या गजाला कपाळ टेकवून हसत राहिल्या. आता समोरच्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगताहेत, "राजवाड्यात छत आहे माझं. ते चढवायला चाललेय." तिकीट तपासनीसालासुद्धा सांगून झालं. चिमणी त्यांच्या मांडीवर आहे. माझ्या पिशवीत सतरापैकी सहा दाभण आहेत. दोनदा मोजले.

अकरा तिकडे राहिले, आणि मास्तर.

माझा जीव तिथे अडकलाय. दादा आणि होयबा आज दुपारीच एका प्रदर्शनाचे तंबू उभारायला बाहेरगावी जातील, ते परवा रात्री येतील. ताई ड्यूटी संपवून संध्याकाळी चक्कर टाकतील. मधल्या सगळ्या दुपारी मास्तर एकटे. दुपारी ते मेण वितळवायला छोटी शेगडी पेटवतात, आणि हल्ली तिच्यासमोर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागते. मी शेगडी बंद करायला रोज तीनला खाली जाते. त्यांना हे माहीत नाही. त्यांना वाटतं, शेगडी आपोआप विझते.

म्हणून, तुमच्यापैकी कुणी आमच्या कारखान्यावरून जाणार असाल, तर तीनच्या सुमारास आत डोकवा. दार उघडंच असतं. 'कसे आहात' असं मात्र विचारू नका, 'उत्तम' म्हणतील आणि तुम्हाला बाहेर काढतील. एखादी फाटकी पिशवी घेऊन जा, तुटलेला बंद घेऊन जा. ते हातात घेतील, अंगठा फिरवतील. तेवढ्यात शेगडी बंद करा. आणि मग हळूच विचारा, वाळवंटातल्या त्या शहरात एक छत आहे म्हणे, ते कुणी केलं? नाव काढायला आता हरकत नाही.

ते काय सांगतात, तेवढं मला कळवा.